काम्वेंडोचा आदर्श पती

९ जुलै

आजपासून पुन्हा रोजनिशी. आयुष्यात काही घडतच नसेल तर शाई कशाला वाया घालवायची, म्हणून मधली काही वर्षं लिहिलं नव्हतं. आज घडलं.

दवाखान्याच्या अंगणात सुखरूप माता प्रकल्पाचे कलुवासाहेब आले होते. बाळंतपणं घरी न होता दवाखान्यात व्हावीत आणि त्यात नवऱ्यांनी लक्ष घालावं, म्हणून गावातून एक पुरुष स्वयंसेवक हवा आहे. त्याला 'आदर्श पती' म्हणायचं. साहेबांनी विचारलं, "कोण तयार आहे?" सगळे पुरुष एकदम आपापल्या पायांकडे बघायला लागले. मी उभा राहिलो. खरं सांगायचं तर पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणून उठलो, पण टाळ्या सुरू झाल्यावर परत बसणं बरं दिसेना.

पिवळा टी-शर्ट मिळाला, गमबूट मिळाले आणि बॅटरीवर चालणारा कर्णा मिळाला. कर्णा हातात घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. राजधानीत, लिलॉन्ग्वेला, तंबाखूच्या लिलावात मी अर्धं आयुष्य भाव पुकारण्यात घालवलं. ती नोकरी गेल्यापासून या आवाजाला कुणी विचारलं नव्हतं. इथे काम्वेंडोत मी बायकोच्या गावात राहतो. जमीन तिची, घर तिचं, आणि शेवटचा शब्द तिच्या भावाचा. जावई कितीही जुना झाला तरी पाहुणाच. आवाज तेवढा माझा स्वतःचा.

घरी येऊन एनेलेसीला टी-शर्ट दाखवला. छातीवर मोठ्या अक्षरांत 'आदर्श पती'. तिने वाचलं आणि हसत सुटली. इतकी हसली की पोट धरून उंबऱ्यावर बसली.

"अहो, पुरे. हसवू नका," म्हणाली. "आत लाथा बसतात."

वायू धरला की ती असंच काहीतरी बोलते. आल्याचा चहा घे म्हटलं.

१७ जुलै

बोमाला, म्हणजे जिल्ह्याच्या गावी, प्रशिक्षण झालं. रोज दोन्ही वेळा कोंबडी आणि भात. जिल्ह्यातले सगळे आदर्श पती एका खोलीत झोपायचो. घोरण्यात मात्र कुणीच आदर्श नव्हता.

पुष्कळ शिकलो. बाईला दिवस गेले की झोप वाढते, पाय सुजतात, चिडचिड होते, वारुळाची माती खावीशी वाटते. कलुवासाहेबांनी विचारलं, "तुमच्यापैकी किती जणांच्या हे लक्षात येईल?" मी सगळ्यात आधी हात वर केला. गावातले पुरुष आंधळे असतात, ही गोष्ट तिथे सगळ्यांना पटली.

घरी पोचलो तर एनेलेसी भर दुपारी झोपलेली. पाय सुजले होते. मक्याच्या घट्ट न्सिमाबरोबरच्या सुक्या मासळीत मीठ फार टाकते, त्याचा परिणाम. तसं सांगितलं. तिने जाताना बाजारातून वारुळाच्या मातीची ढेकळं आणायला सांगितली होती, ती मी विसरलो. तिच्यासाठी कॅलेंडर आणलं. त्यावर एका गरोदर बाईचं सुंदर चित्र आहे. तिने ते बराच वेळ बघितलं.

"ही कोण?" तिने विचारलं.

"कुणीतरी. नमुना आहे."

"नशीबवान आहे. भिंतीवर लागली."

२३ जुलै

पहिली सभा. अंजिराच्या झाडाखाली सगळं गाव. अध्यक्षस्थानी माझे मेहुणे मालिसेनी, एनेलेसीचे थोरले भाऊ आणि गावप्रमुख. हा माणूस आठवड्यात जेवढं बोलतो तेवढं मी तोंड धुताना बोलतो.

सभा अशी रंगली की लिलावाचे दिवस आठवले. मी कर्ण्यातून विचारलं, "बाईला दिवस गेले हे आधी कुणाला कळलं पाहिजे? नवऱ्याला!" लोक हसले. "डोळे उघडे ठेवा!" आणखी हसले. मला जोर चढला. "चाळिशीनंतर बाळंतपण म्हणजे मरणाला जेवायला बोलावणं! आणि ज्या म्हाताऱ्या नवऱ्याला एवढंही कळत नाही त्याला या झाडाला बांधून ठेवा!" तेव्हा तर बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. मालिसेनींनीसुद्धा डोळे पुसले. विनोद माझ्या रक्तातच आहे, पण या गावात तो एवढा उचलला जाईल असं वाटलं नव्हतं.

एनेलेसी मधूनच उठून गेली. तिला गर्दी सोसत नाही.

६ ऑगस्ट

थंडीचे दिवस, आणि यंदा थंडी फार. एनेलेसी माझा जुना कोट घालून हिंडते आणि काढत नाही. अंगाने चांगली भरली आहे. हापशावर एक म्हातारी मला म्हणाली, "जावईबापू, बायको मस्त पोसलीत हो!" मी म्हटलं, "आपलं कर्तव्यच आहे ते." म्हातारीला ठसका लागला.

संध्याकाळी मालिसेनी आले. थोबवाचा, मक्याच्या आंबिलाचा, पेला घेऊन बसले.

"दाजी, घरी सगळं ठीक?"

"ठीक."

"नीट बघितलंत?"

"मेहुणे, मला गावाकडे बघायला नेमलंय. घराकडे बघायला घरचे आहेत."

"बरं," म्हणाले आणि उठले. दारात थांबले. पुन्हा "बरं" म्हणाले.

१३ ऑगस्ट

आज मनात नको तो विचार आला. एनेलेसी चुलीपाशी एकटी रडत होती. विचारलं तर म्हणाली, धूर. चूल विझलेली होती.

मी चांगला नवरा आहे का, असं क्षणभर वाटून गेलं. मग टी-शर्ट दोरीवर वाळत होता तिकडे लक्ष गेलं. प्रकल्पाच्या माणसांनी काहीतरी बघूनच निवडलं असेल.

२८ ऑगस्ट

आज मी प्रत्यक्ष बाळंतपणाला मदत केली. अक्षर वेडंवाकडं येतं आहे.

फालेसी नावाची पोरसवदा बाई, पहिलटकरीण, पलीकडच्या गावातून नवऱ्याच्या सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसून आली. वेणा चालू असताना कॅरिअरवर! दवाखान्यात प्रकल्पाने दिलेली नवीकोरी सायकल-रुग्णवाहिका आहे, सायकलमागे जोडलेली चाकांची खाट. पण तिचं उद्‌घाटन व्हायचं आहे. तोवर कोठारात कुलपात ठेवायची, असा कलुवासाहेबांचा हुकूम आहे. दवाखान्याच्या मकवाला सिस्टरने त्यावर जे म्हटलं ते लिहीत नाही. ती चर्चमध्ये गाणाऱ्यांपैकी आहे.

सिस्टरने मला बघितलं. "कचाले, आलाच आहात तर हात धुवा. कर्णा बाहेर ठेवा."

फालेसीचे खांदे धरून बसणं एवढंच माझं काम. मी तिला प्रशिक्षणात शिकवलेलं सांगायला लागलो, लांब श्वास घ्या, मन शांत ठेवा. तिने माझं मनगट पकडलं आणि असं काही पिळलं की माझाच श्वास लांब झाला. पुढे काय झालं ते फारसं आठवत नाही. मला एक प्रकारची समाधी लागली. जागा झालो तेव्हा मी जमिनीवर होतो, सिस्टर मला ओलांडून ये-जा करत होती आणि बाळ रडत होतं. फालेसी खाटेवरून वाकून विचारत होती, "काका, बरं वाटतंय का आता?"

सिस्टरने मला गोड चहा दिला. म्हणाली, "घरी जा, कचाले. घरी बायको आहे ना? जरा तिच्याकडे बघा."

"सिस्टर, तिला माझी सवय आहे," मी म्हटलं.

घरी एनेलेसीने सगळं खोदून खोदून विचारलं. फालेसीला फार दुखलं का? सिस्टर ओरडते का? रक्त किती गेलं? माझ्या समाजकार्यात तिने पहिल्यांदाच एवढा रस घेतला. मी तिखटमीठ लावून सांगितलं. रक्ताचं जरा वाढवूनच सांगितलं, म्हणजे तिला कळावं की काम किती जोखमीचं आहे.

तिला जेवण गेलं नाही.

११ सप्टेंबर

एनेलेसी लहान लहान टोपरी विणते आहे. आमची लेक नेल्ली, तिचा मुलगा आता पळतो, त्याच्या डोक्याला ही व्हायची नाहीत. हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "डोकी पुष्कळ असतात जगात." वय झालं की बायका हळव्या होतात.

३ ऑक्टोबर

मोठी बातमी. प्रकल्पाच्या मुख्य मॅडम परदेशातून येणार आहेत. १२ तारखेला. सायकल-रुग्णवाहिकेची फीत कापणार, आणि आदर्श पती बाळंतपणात मदत करताना बघणार.

कलुवासाहेब सिस्टरला म्हणाले, "त्या दिवशी अकराच्या सुमारास एक बाळंतपण ठेवा."

"ठेवते की. कुणाचं ठेवू? तुमचं?"

"सिस्टर, थट्टेची वेळ नाही. निदान एखादी अवघडलेली तरी."

"साहेब, बाळाला तुमच्या मॅडमचा कार्यक्रम कुणी सांगायचा?"

शेवटी असं ठरलं की कुणी नसलंच तर फालेसीने येऊन पुन्हा एकदा कण्हायचं. फालेसी म्हणाली, साबणाची वडी देणार असाल तर जोरात कण्हते.

पुरुषांची रंगीत तालीम घेतली. बायकोच्या डोक्यावरची घागर आपल्या डोक्यावर घेऊन चालायचं. अंगणाच्या टोकापर्यंत तीन घागरी फुटल्या. बायकांनी सांगितलं, उरलेल्यांचं आम्ही बघतो, तुम्ही टाळ्या वाजवा.

१० ऑक्टोबर

उकाडा. वारा बंद. एनेलेसीने कोट मात्र काढला नाही. सकाळी घर सारवलं, दुपारी सगळे कपडे धुतले, संध्याकाळी पुन्हा घर झाडलं. पाहुण्या आमच्या घरी येणार नाहीत हे मी तिला दोनदा सांगितलं.

१४ ऑक्टोबर, बोमा, मोठ्या दवाखान्याचं अंगण

काय लिहू आणि कुठून लिहू.

परवा सकाळी मी टी-शर्टला इस्त्री केली. एनेलेसीला म्हटलं, तू नाचणाऱ्या बायकांत नसलीस तरी चालेल, तुझी चाल हल्ली बदकासारखी झाली आहे, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. ती म्हणाली, "मला आज दवाखान्यात जायचंच आहे." मला बरं वाटलं. नवऱ्याचा दिवस बघायची कुठल्या बायकोला हौस नसते?

मॅडम पांढऱ्या मोठ्या गाडीतून उतरल्या. पांढरे कपडे, मोठी टोपी. बायकांनी स्वागताचं गाणं धरलं. एनेलेसी मागच्या रांगेत होती. ती नाचत नव्हती, खांबाला धरून उभी होती. कलुवासाहेब सारखे माझ्या कानाशी येत होते. "बाळंतपण आहे का? आहे का कुणी?" फालेसी तयारच होती, पण मॅडमला बघून तिला हसू आवरेना. हसणाऱ्या बाईला वेणा येत आहेत असं कोण मानणार?

तेवढ्यात मकवाला सिस्टर दारात आली. "बाई आली आहे. खरीखुरी."

साहेबांनी आभाळाकडे बघून हात जोडले. मॅडम आणि साहेब आत शिरायला निघाले, तर सिस्टरने हात आडवा केला. "तुम्ही नाही. फक्त आदर्श पती."

माझी छाती फुगली. सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. गाणंसुद्धा थांबलं होतं. मी कर्णा घेऊन आत गेलो. पडद्याआड बाई कण्हत होती. बाहेर मॅडमना ऐकू जावं म्हणून मी कर्णा तोंडाला लावला.

"आई, घाबरू नका! काम्वेंडोचा आदर्श पती तुमच्या सेवेला हजर आहे! पण मला सांगा, तुमचा नवरा कुठे आहे? असा कसा हा बेजबाबदार माणूस, ज्याला या वेळी बायकोची आठवण नाही?"

पडद्याआडून आवाज आला, "इथेच आहे तो. बडबडतोय."

मी पडदा सारला.

"एनेलेसी! तू इथे काय करतेस?"

"भाजी निवडतेय."

कोट काढलेला होता. खरं म्हणजे मला एवढंच सांगता येईल की कोट काढलेला होता, आणि कोटाखाली जे होतं ते एका दिवसात येत नाही.

"हे... हे कधी?"

"जानेवारीत. छप्पर गळत होतं म्हणून एका कोपऱ्यात झोपलो होतो. तुम्हीपण होतात."

बाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं. कर्णा चालूच होता. सिस्टरने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि खिडकीतून बाहेर टाकला. मला समोरची भिंत हलताना दिसायला लागली. एनेलेसीने हात लांब करून माझा कान धरला.

"आज पडलात तर याद राखा," ती म्हणाली. "आज मला माणूस हवाय."

मी पडलो नाही. तिच्या डोक्यामागे बसलो, तिचे खांदे धरले, आणि या खेपेस लांब श्वास वगैरे काही बोललो नाही. घामाने तिचे केस माझ्या हनुवटीला चिकटले होते. मुलगी झाली. लगेच रडली, चांगली खणखणीत. सिस्टर म्हणाली, "आवाज बापाचा आहे, देव तिचं रक्षण करो." आम्ही तिघंही हसलो. मला वाटलं, झालं.

मग सिस्टर हसायची थांबली. वार पडली होती, पण रक्त थांबत नव्हतं. मी फालेसीच्या वेळचं रक्त एनेलेसीला वाढवून सांगितलं होतं. हे त्याहूनही जास्त होतं. सिस्टरने इंजेक्शन दिलं, सलाईन लावली, पोट चोळलं. मग ती बाहेर गेली आणि पहिल्यांदा मी तिला ओरडताना ऐकलं. "गाडी! बोमाला न्यायचं आहे, आत्ता!"

फीत बांधलेली सायकल-रुग्णवाहिका अंगणात झेंडूसारखी सजून उभी होती. तिच्यावरून बोमाला पोचायला संध्याकाळ झाली असती. पांढरी गाडी शेजारीच होती. दारावर मोठ्या अक्षरांत 'सुखरूप माता'.

कलुवासाहेबांचा चेहरा पडला. "सिस्टर, या गाडीत रुग्ण नेता येत नाही. विम्याचा प्रश्न आहे. नियमात बसत नाही."

मालिसेनी गाडीच्या दारापाशी उभे होते. त्यांनी आत डोकावून बघितलं. "नियमात बसत नसेल," ते म्हणाले. "गाडीत बसते. मागचं बाक लांब आहे."

"गावप्रमुख, माझी नोकरी जाईल हो!"

मालिसेनी दारापासून हलले नाहीत. त्यांनी बायकांकडे बघितलं. बायकांनी पुन्हा गाणं धरलं आणि गाणं म्हणत म्हणत गाडीच्या पुढे, मागे, दोन्ही बाजूंना मातीत बसल्या. चाल स्वागताचीच होती, शब्द तेवढे बदलले होते. 'पांढरी गाडी आली गं, धूळ खाऊन जाईल गं, आई इथेच राहील गं.'

मॅडमनी साहेबांना विचारलं, "काय गात आहेत?"

"तुमचे आभार मानत आहेत," साहेब म्हणाले.

सिस्टर रक्ताने भरलेल्या हातांनीच मॅडमपुढे जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या भाषेत त्यांना काय ते सांगितलं. मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. आधीच होत्या, आणखी पडल्या. मग त्यांनी साहेबांना फक्त एक प्रश्न विचारला, "मग आपण निघालो का नाही?" मॅडम पुढच्या सीटवर बसल्या, कुणीतरी बाळ त्यांच्या मांडीवर दिलं, आणि बायका एका क्षणात उठून बाजूला झाल्या.

गाडीत सिस्टरने माझा हात एनेलेसीच्या बेंबीखाली ठेवला. "इथे गर्भाशयाचा गोळा लागतोय? तो दगडासारखा घट्ट राहिला पाहिजे. मऊ लागला की चोळायचं, जोरात. ती शिव्या देईल. देऊ दे. आणि तिला झोपू द्यायचं नाही. बोलत राहा."

बोलत राहा! जन्मभर मला लोकांनी गप्प राहा सांगितलं, आणि आता बोलत राहा म्हणतात तर तोंडातून शब्द निघेना.

एनेलेसीचे ओठ पिठासारखे झाले होते. "थंडी वाजते," म्हणाली. त्या उकाड्यात.

"मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. मला दुसरं काही सुचलं नाही.

"सांगणार होते. तुम्ही टी-शर्ट दाखवलात. मग म्हटलं, बघू, कधी दिसतं यांना." मी पोट चोळलं, तेव्हा कण्हून पुन्हा बोलली. "नंतर तुम्ही झाडाखाली ओरडलात, चाळिशीनंतर मरणाला बोलावणं म्हणून. मला रोज भीती वाटायची. मग ते मी कुणाला सांगायचं? कर्ण्याला?"

तिचे डोळे मिटायला लागले. सिस्टर म्हणाली, "कचाले, बोला!" मला आयुष्यात एकच गोष्ट न थांबता बोलता येते. मी लिलाव पुकारायला सुरुवात केली. हलका पिवळा, लांब पानाचा, घ्या हो घ्या, कोण वाढवतो, तुम्ही साहेब, मागच्या रांगेतले साहेब, वास घेऊन बघा. घसा फाटेस्तोवर पुकारत होतो आणि हात चोळत होता. पुढे मॅडम बाळाला छातीशी धरून एकदाही मागे न बघता बसल्या होत्या. त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर बाळाने काय केलं होतं ते सगळ्या गाडीला कळत होतं.

खडबडीत उतारावर गोळा अचानक मऊ लागला. मी सगळा भार देऊन चोळलं. एनेलेसीने डोळे उघडून मला अशी शिवी दिली की ती माझ्या सासूबाईसुद्धा मोजक्याच प्रसंगी वापरत असत. मग पुटपुटली, "भाव कमी लावताय. माल चांगला आहे."

मी वाढवला. बोमा येईपर्यंत वाढवतच गेलो.

१५ ऑक्टोबर

रक्त त्या रात्रीच थांबलं, आज डॉक्टर म्हणाले धोका टळला. मालिसेनी त्याच रात्री सायकल मारत आले, दंड पुढे केला, रक्त दिलं, एक केळं खाल्लं आणि परत गेले. माझंही घेतलं, पण ते तिला जुळलं नाही. डॉक्टरांनी ते दुसऱ्या कुणालातरी दिलं. कुणाला ते सांगितलं नाही. तो माणूस आता फार बोलायला लागला तर मला कळेल.

कलुवासाहेब दुपारी येऊन गेले. त्यांची नोकरी गेली नाही. मॅडमनी वर कळवलं आहे की या गाडीमुळे एक जीव वाचला. त्यामुळे साहेब आता सगळ्यांना सांगत आहेत की गाडी द्यायची कल्पना त्यांचीच होती. पुढच्या महिन्यात दुसऱ्या जिल्ह्यात मी भाषण करावं, असं त्यांचं म्हणणं आहे. विषय, 'मी माझ्या पत्नीची काळजी कशी घेतली'.

मी विचारलं, "साहेब, ते भाषण एनेलेसीने केलं तर?"

साहेबांनी घड्याळ बघितलं.

१८ ऑक्टोबर

इथे रुग्णांच्या नातेवाइकांसाठी अंगणात पत्र्याची पडवी आहे. तिथे चुली मांडून सगळ्या जणी आपापल्या माणसासाठी रांधतात. पुरुष मी एकटाच. पहिल्या दिवशी मी केलेली मक्याची पेज एका बाजूने जळली होती आणि दुसऱ्या बाजूने कच्ची होती. शेजारच्या चुलीवरची आजी म्हणाली, "ही कला आहे, बाबा. एकाच भांड्यात दोन्ही!" आता बरी जमते.

एनेलेसीचे रक्ताचे कपडे नळावर धुतले. पुरुषाने असले कपडे धुतलेले इथे कुणी बघितलेले नाहीत. बायका गोळा झाल्या. एक म्हणाली, "कुणाचा नवरा हा? विकायचा आहे का?" दुसरी म्हणाली, "थांब, आधी आवाज ऐक, मग भाव लाव."

पिवळा टी-शर्ट मी चिंधी म्हणून वापरतो आहे. कापड चांगलं आहे, पाणी पटकन शोषतं.

२१ ऑक्टोबर

आज नाव ठेवलं. हा मान मामाचा. मी तरी रात्री जागून चार-पाच नावं काढून ठेवली होती. विजया, आशा, कृपा अशा अर्थाची, ऐकायला भारदस्त. मालिसेनींनी ती सगळी ऐकून घेतली. मग बाळाला हातात घेऊन म्हणाले, "सकुद्झिवा."

सकुद्झिवा. म्हणजे 'त्याला माहीत नाही'.

"कुणाला?" मी विचारलं.

"बाळाला हो, दाजी," मालिसेनी म्हणाले. "बाळाला काय माहीत असतं?"

मकवाला सिस्टर मुद्दाम भेटायला आली होती, ती खिडकीकडे वळली. एनेलेसीने चादर तोंडावर ओढली. तिला अजून जोरात हसायची मनाई आहे, पण चादर हलत होती.

मी म्हटलं, छान नाव आहे. अर्थ खोल आहे. मग मीही थोडा हसलो. कशाला ते मला नक्की सांगता येणार नाही.

सगळे गेल्यावर मी खाटेपाशी बसलो होतो. एनेलेसी छताकडे बघत होती. ओठ कोरडे होते. तिने काही मागितलं नाही, खूणही केली नाही, पण मला कळलं की तिला तहान लागली आहे. आपल्या आपण कळलं. मी उठलो, पेला भरला आणि तिच्यापुढे धरला.

तिने पेल्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ.

"तहान नव्हती," ती म्हणाली. "पण द्या."

आणि सगळं पाणी प्यायली.